पस्तीस मिनिटांचा तास

आमच्या शाळेत एक तास पस्तीस मिनिटांचा असतो. विज्ञान शिकवताना ही पस्तीस मिनिटे मी वर्षानुवर्षे पाठाच्या मापाने वाटत आले होते: पाच मिनिटे उजळणीला, वीस नव्या भागाला आणि दहा फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घ्यायला. ऑक्टोबर 2016 पासून त्याच पस्तीस मिनिटांचा हिशेब बदलला. तासाला जाण्यापूर्वी शौचाला जाऊन आले तर पुढची घंटा होईपर्यंत निभावेल का, वर्गातून मध्येच बाहेर पडावे लागले तर मैदान ओलांडायला किती वेळ लागेल, आणि चावी मागताना कार्यालयात कोण कोण बसलेले असेल, याच गोष्टी शिकवता शिकवता मनात चालू असत.

माझ्या आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज आणि त्या अस्तरावर पडणाऱ्या जखमा. हे नाव माझ्यापर्यंत पोचायला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांतला मोठा वाटा माझ्या गप्प बसण्याचा होता, म्हणून सगळे सुरुवातीपासून सांगते.

मी साताऱ्यात राहते आणि जावळी तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत शिकवते. मेढ्याच्या गाडीने रोजचे जाणे-येणे. जावळीत पाऊस दांडगा, आणि पावसाळ्यानंतर पोट बिघडणे याचे आमच्याकडे कोणालाच नवल वाटत नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधी पोटात मुरडा येऊन आव पडू लागली, तेव्हा पाण्याचा दोष समजून डॉक्टरांनी दिलेल्या मेट्रोनिडाझोलच्या पाच दिवसांच्या गोळ्या मी घेतल्या. थोडे बरे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि या वेळी आवेबरोबर रक्त. पुन्हा त्याच गोळ्या झाल्या. त्यानंतर मूळव्याधीचे नाव निघाले, आणि खरे सांगायचे तर तो शब्द मीच डॉक्टरांपुढे ठेवला, कारण मूळव्याध म्हटले की पुढचे प्रश्न थांबतात. मलम मिळाले, इसबगोल मिळाला. तपासणी कोणी केली नाही आणि करा असे मीही म्हटले नाही. जानेवारीत हिमोग्लोबिन 7.9 भरले. बायकांचे रक्त कमीच असते, पाळीत जास्त जात असेल, असे सांगून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळीचे रक्त कोणते आणि शौचातले कोणते हे मला चांगले कळत होते, पण ते तोंडाने सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

घरी सासूबाईंनी कुड्याच्या सालीचा काढा करून दिला, बेलाचा मुरांबा आणला. आमांशावर आमच्याकडे पूर्वापार हेच दिले जाते आणि त्यांनी ते मायेने दिले. माझा आजार आमांश नाही हे त्यांना कळावे असे मीच त्यांना काही सांगितले नव्हते.

शाळेत शिक्षिकांसाठीचे स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला आहे. त्याला कुलूप असे, आणि एकुलती एक चावी लाकडी ठोकळ्याला बांधून कार्यालयात लिपिकांच्या पाठीमागच्या खिळ्याला अडकवलेली असे. दिवसातून एकदा चावी नेली तर कोणाचे लक्ष जात नाही. पाचव्यांदा नेली की मान वर होते. आमचे शिपाईमामा एकदा म्हणाले, "बाई, बरं न्हाई व्हय?" त्यांच्या विचारण्यात काळजीच होती, पण खिळ्यावरून चावी काढताना तो ठोकळा भिंतीवर आपटून जो आवाज होई, तो सगळ्या शाळेला ऐकू जातो असे मला वाटे. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे न खाणे. सकाळी चहासुद्धा न घेता निघायचे, पाण्याची बाटली पिशवीत असली तरी उघडायची नाही, डबा तसाच परत आणायचा आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर जेवायचे. जूनपर्यंत माझे वजन 11 किलोंनी उतरले. एक परकर आणि एक जुनी साडी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलेली असे. सहकारी विचारत, "मॅडम, डाएट चालू केलंय का?" आणि मी हो म्हणत असे.

जुलै 2017 मधल्या एका संध्याकाळी शाळेच्या फाट्यावर गाडीत बसून पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. पाऊस असा की खिडकीच्या काचेतून बाहेरचे काही दिसत नव्हते. पोटात एकच कळ उठली आणि साताऱ्यापर्यंत आपला निभाव लागणार नाही हे मला कळले. मी वाहकांना एवढेच म्हटले, "दादा, गाडी थांबवा, मला जायला पाहिजे." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता घंटी दिली. रस्त्याकडेला एकच घर होते. दार उघडणाऱ्या बाईंना मी संडास कुठे आहे एवढेच विचारू शकले. त्यांनी दारातल्या मुलाला बाजूला केले, मला परसदारी नेले, दिवा लावला, आणि मी आत असताना बाहेरून म्हणाल्या, "ताई, ऊन पाणी ठिवलंय बादलीत. सावकाश या." बाहेर आले तेव्हा त्या हातात धुतलेला टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझे नाव विचारले नाही, की काय झाले तेही विचारले नाही. गाडी दहा मिनिटांहून अधिक थांबली होती. भरलेल्या गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही. वाहकांनी माझी जागा राखून ठेवली होती. त्या रात्री मी माझ्या पतींना पहिल्या दिवसापासूनचे सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्यातल्या एका फिजिशियनकडे गेलो. नऊ महिन्यांत प्रथमच कोणीतरी बोटाने गुदद्वाराची तपासणी केली, आणि हा त्रास मूळव्याधीचा नाही असे त्यांनी लगेच सांगितले. मग तीन प्रश्न विचारले. रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते का? रक्त शौचात मिसळलेले असते, की शेवटी वेगळे थेंब पडतात? आणि शौचाची भावना झाल्यावर किती वेळ थांबता येते? झोपेतून उठवणारे पोट, आवेत मिसळलेले रक्त आणि न थांबवता येणारी घाई ही तिन्ही एकत्र असली की आतड्याच्या दाहाचा संशय घ्यावाच लागतो, असे त्यांनी समजावले. हे तीन प्रश्न मला कोणी पहिल्या महिन्यात विचारले असते तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते. म्हणून ओळखीत कोणी पोटाची तक्रार सांगितली की मी ते विचारल्याशिवाय राहत नाही.

पुढची तपासणी पुण्यात. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीच्या, आदल्या रात्री नणंदेच्या घरी मुक्काम होता. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड दोन लिटर पाण्यात विरघळवून निम्मे संध्याकाळी आणि निम्मे पहाटे प्यायचे असते. खारट, लिंबाच्या वासाचे ते पाणी पेल्यापेल्याने, दर पंधरा मिनिटांनी. ज्याला मुळातच दहा वेळा जावे लागते त्याला जुलाबाचे औषध देणे विचित्र वाटते, पण आतडे धुतल्यासारखे स्वच्छ झाल्याखेरीज आतले अस्तर दिसत नाही. नणंदेने रात्रभर न्हाणीघराचा दिवा चालू ठेवला आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसून राहिली.

गुंगीचे औषध हलके दिले होते, त्यामुळे मला समोरचा पडदा दिसत होता. पचनसंस्थेचा तक्ता मी शेकडो वेळा वर्गात टांगला आहे. त्यात मोठे आतडे म्हणजे लहान आतड्याच्या वेटोळ्यांभोवती चौकटीसारखी फिरणारी एक स्वच्छ गुलाबी नळी. माझ्या आतड्याचे अस्तर लालभडक, रवाळ होते, दुर्बीण जिथे टेकेल तिथे रक्त येत होते, आणि निरोगी अस्तरातून दिसणारे रक्तवाहिन्यांचे जाळे कुठेही दिसत नव्हते. दुर्बीण वर सरकत गेली आणि डाव्या बरगडीखालच्या वळणापाशी एकाएकी रंग बदलला. चमकदार, ओलसर गुलाबी अस्तर सुरू झाले आणि त्यावर ते बारीक जाळे आले. डॉक्टर म्हणाले, "बघा मॅडम, इथपर्यंतच आहे." ती सीमारेषा मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते.

गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढत जाणे ही या आजाराची चाल. त्याचा भाऊबंद म्हणजे क्रोन्सचा आजार, ज्याचे वर्णन न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये निरोगी जागा सोडून तुकड्यातुकड्यांनी होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत उतरू शकतो. आपल्या देशात क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांची गल्लत सहज होते, म्हणून माझ्याही अस्तराचे तुकडे खात्रीसाठी क्षयाच्या तपासणीला गेले. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज), म्हणजे आतड्याच्या दाहाचे आजार, म्हणतात. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) ही निराळी तक्रार आहे, तिच्यात त्रास होतो पण आतड्यात जखमा नसतात. नावे जवळजवळ सारखी असल्याने पुष्कळजण मला "आमच्या मेहुण्यालाही तेच आहे, तो योगासने करून बरा झाला" असे सांगतात, आणि दरवेळी मला हा फरक समजावून सांगावा लागतो.

"हे बरे होईल का?" असे माझ्या पतींनी विचारले. डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते: "बरे होत नाही, शांत होते. शांत ठेवणे हे आपल्या दोघांचे काम." शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर उलटते, ती का उलटते याचे एक असे कारण सांगता येत नाही. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू आणि परिसर यांचा मिळून तो परिणाम असतो. मी काय खाल्ले किंवा कसला ताण घेतला म्हणून हा आजार जडला, असे नाही. हे ऐकल्यावर माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले, कारण घरात आणि नात्यात सगळे मलाच विचारत होते, "असं काय खाल्लं होतंस गं?"

औषधे सुरू झाली. आतड्याच्या अस्तराची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिवसाला 40 मिलिग्रॅम, दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने कमी करत आठ आठवड्यांत बंद करायचे, कारण ते अचानक सोडले तर शरीर कोलमडते. शिवाय रात्री मेसालामाइनचा एनिमा. गोळ्यांची सवय लवकर झाली, एनिमाची होईना. बाटली कोमट पाण्यात धरून ठेवायची, अंथरुणावर मेणकापड पसरायचे, डाव्या कुशीवर वळायचे, कारण आतड्याचा तो भाग डावीकडे असतो, आणि औषध आत गेल्यावर ते सकाळपर्यंत धरून ठेवायचे. पहिल्या रात्री पाच मिनिटेसुद्धा धरता आले नाही आणि मी रडले. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सकाळ उजाडेपर्यंत औषध टिकले. त्या दिवशी रक्त नव्हते.

स्टेरॉईडने चेहरा गोल झाला. ज्यांनी मला वाळत जाताना पाहिले होते ते रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "आता कशी तब्येत भरली!" रात्री दोन-तीनला जाग येई ती पुन्हा झोप नसे; त्या सत्राच्या चाचणीचे सगळे पेपर मी पहाटे चारच्या आत तपासले आहेत.

शाळेत सांगायचे की नाही यावर घरात दोन मते होती. रजा टाका, आजाराचे नाव कशाला, असे थोरले दीर म्हणाले. पण फाट्यापुढच्या त्या घरातून आल्यापासून माझे मन ठरले होते. मुख्याध्यापकांना मी वेळ मागितली, दार लोटून घेतले आणि तक्ता सोबत नेला होता तो टेबलावर पसरला. शरीराचा एक भाग म्हणून बोटाने दाखवून बोलता आले तर शब्द तोंडातून निघतील, असा माझा विचार होता आणि तसेच झाले. त्यांना वीस मिनिटांत सगळे सांगितले: आजार संसर्गजन्य नाही, शिकवण्यात अडचण नाही, पण मला लागोपाठ दोन तास नकोत, वर्ग तळमजल्यावर हवेत आणि चावी माझ्याजवळ हवी. ते पुष्कळ वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी तुम्ही वर्षभर उपाशी राहिलात?" त्याच दिवशी त्यांनी मामांना चावी देऊन साताऱ्याला पाठवले आणि दुसरी चावी करून आणवली. ती माझ्या घराच्या चाव्यांबरोबर आजही आहे. वेळापत्रक पुढच्या सोमवारी बदलले.

शिक्षकखोलीत मात्र वेगळा अनुभव आला. काही दिवस माझ्या डब्यातली भाजी कोणी घेईना, आणि पाण्याचा एक पेला माझ्या नावाने वेगळा ठेवला गेला. हे लिहिताना आजही वाईट वाटते. मी मधल्या सुट्टीत तोच तक्ता तिथेही लावला आणि सगळ्यांना समजावून सांगितले. पेला पुन्हा इतर पेल्यांत मिसळायला महिना लागला. पण त्या दिवशी एक तरुण शिक्षिका मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पाळीच्या दिवसांत मलाही त्या चावीचं फार अवघड वाटतं." यानंतर जुनी चावी कार्यालयातून शिक्षिकांच्या खोलीत आली, आणि ठोकळा मी स्वतः काढून टाकला.

पुढचे सव्वा वर्ष इतके चांगले गेले की मी मोठी चूक केली. पोट शांत होते, हिमोग्लोबिन 12 च्या घरात आले होते, आणि रोज गोळ्या घेताना वाटे की दुखणे नसताना औषध कशाला. नोव्हेंबर 2018 मध्ये मी कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. त्याच सुमारास पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या दर महिन्याला घेत होते. या गटातल्या वेदनाशामकांनी हा आजार उसळू शकतो हे मला सांगितलेले होते. मीच त्याकडे दुर्लक्ष केले. आता दुखले तर पॅरासिटामॉलच घेते, आणि औषधाच्या दुकानात वेष्टनावरचे नाव वाचल्याशिवाय कोणतीही गोळी पिशवीत टाकत नाही.

मार्च 2019 मध्ये दहावीच्या परीक्षेचे पर्यवेक्षण चालू असताना आजार उलटला. तीन तासांच्या पेपरात मी चार वेळा बदली पर्यवेक्षक मागितला. घरी दिवसाला दहा-बारा वेळा, निव्वळ रक्त. पाचव्या दिवशी नाडी 110 आणि अंगात ताप. पुण्यात दाखल केल्यावर डॉक्टरांनी ज्या निकषांवर आजार तीव्र ठरवला ते इंग्लंडमधल्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी 1955 मध्ये मांडलेले: दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्यासोबत 90 च्या वर नाडी, 37.8 अंशांच्या वर ताप, 10.5 च्या खाली हिमोग्लोबिन किंवा 30 च्या वर ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) यांपैकी निदान एक. इतक्या वर्षांपूर्वीचे हे साधे मोजमाप आजही खाटेशेजारी उभे राहून लावता येते, याचे शास्त्राची शिक्षिका म्हणून मला त्या अवस्थेतही कौतुक वाटले. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दर सहा तासांनी सुरू झाले. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियातज्ज्ञ येऊन खाटेवर बसले आणि औषधाला प्रतिसाद मिळाला नाही तर मोठे आतडे काढून पोटावर पिशवी लावावी लागेल हे त्यांनी शांतपणे, काही न लपवता सांगितले. मी त्यांना एकच विचारले: पिशवी लावून फळ्यासमोर उभे राहता येते का? ते म्हणाले, "येते. माझे रुग्ण शेतीही करतात." चौथ्या दिवशी शौचाची संख्या निम्मी झाली आणि ती वेळ टळली.

मी रजेवर असतानाच निवडणुकीच्या कामाचा आदेश आला. 23 एप्रिल 2019 ला साताऱ्यात लोकसभेचे मतदान होते. सूट मागायला माझे पती डिस्चार्ज कार्ड घेऊन गेले. रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले गेले, "म्हणजे नेमका कशाचा आजार?" त्यांनी तितक्याच मोठ्याने सांगितले, "मोठ्या आतड्याचा. शौचातून रक्त जातं. मतदान केंद्रावर मुक्काम जमणार नाही." सूट मिळाली. मला हे त्यांनी घरी येऊन सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले की आता आमच्या घरात हा शब्द कोणी दबक्या आवाजात उच्चारत नाही.

यानंतर अझाथायोप्रिन सुरू झाले. हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सावकाश चढते. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि पांढऱ्या पेशी एकदम घटण्याचा धोका असतो. आशियाई लोकांत हा धोका ओळखायला उपयोगी पडणारा एक जनुकीय बदल अधिक आढळतो, म्हणून आधी त्याची तपासणी झाली. पहिला महिना दर आठवड्याला रक्त, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, आता तीन महिन्यांनी. साताऱ्यातल्या प्रयोगशाळेतली मुलगी माझ्या उजव्या हाताची शीर न बघता ओळखते. अहवालांची फाईल मी वर्षावार लावते आणि त्यात पेशींचा आलेख स्वतः काढते; आलेख खाली कलताना दिसला म्हणून 2021 मध्ये मात्रा वेळेवर कमी करता आली.

हे औषध चालू असतानाच करोना आला. गोळ्या स्वतःहून थांबवू नका, असे डॉक्टरांनी फोनवर बजावले आणि या वेळी मी ऐकले. घरातून शिकवण्याचे ते महिने माझ्या पोटाला सर्वांत सोपे गेले, हे कबूल करताना मन खट्टू होते, कारण जावळीतल्या माझ्या कितीतरी मुलांना डोंगरावर चढल्याशिवाय मोबाईलची रेंज मिळत नव्हती.

खाण्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते. हा आजार बरा करणारा आहार नाही. आजार उसळलेला असताना मी मऊ भात, मुगाचे वरण, ताक, शिजवून कुस्करलेला दुधी एवढ्यावर राहते. शांत असताना भाकरी, उसळ, पालेभाजी सगळे खाते. घरचा कांदा-लसूण मसाला बंद करावा लागला नाही, बेताने घ्यावा लागला. मला साबुदाणा आणि शेंगदाणे सोसत नाहीत हे दोन वर्षे वहीत नोंदी ठेवून कळले, म्हणून एकादशीचा उपवास सोडला; दुसऱ्या कोणाला तेच सोसत असतील. हळद घ्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हळदीतल्या कुर्क्युमिनचा मेसालामाइनच्या जोडीने काही रुग्णांना उपयोग झाल्याचे प्रयोग आहेत, पण ते औषधाच्या जोडीने, औषधाच्या जागी नव्हे, आणि वरणातल्या चिमूटभर हळदीचे ते काम नाही.

नोकरीच्या कागदांत या आजाराला जागा शोधणे अवघड गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो नाही. रजेच्या अर्जावर काय लिहावे हे मला पहिल्या वेळी कळले नव्हते; "पोटाचा विकार" असे लिहिल्यावर अर्ज शेऱ्यासह परत आला होता. तेव्हापासून मी आजाराचे पूर्ण नाव लिहिते, अपेक्षित दिवस लिहिते, आणि रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला जोडते. आरोग्य विमा निदानापूर्वी काढलेला नव्हता. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, पण मी विमा घेतला तेव्हा चार वर्षे थांबले.

आजार आठ वर्षांचा झाला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता तपासण्यासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागते. माझी ती 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. पुन्हा तेच दोन लिटर पाणी, तीच नणंद, तोच दिवा. पडद्यावर मी डाव्या बरगडीखालचे वळण ओळखायला गेले, पण सीमारेषा सापडेना. दोन्ही बाजूंना सारखेच गुलाबी अस्तर होते आणि त्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे. काही ठिकाणी जुन्या जखमांचे पांढरट व्रण होते. अस्तराचे तुकडे घेतले, आणि अहवाल दहा दिवसांनी मिळेल असे सांगितले.

अहवाल आणायला मी एकटीच गेले. पेशींत कर्करोगाकडे जाणारे बदल नाहीत, पुढची तपासणी तीन वर्षांनी, असे त्यात लिहिले होते. पुण्याच्या या फेऱ्यांना मी नेहमी साधी गाडी धरत आले आहे, कारण ती शिरवळ, खंडाळा, भुईंजला थांबते. सगळ्यांना नकोसे वाटणारे ते थांबे मला हवे असत. त्या दुपारी स्वारगेटला साताऱ्याची विनाथांबा गाडी उभी होती. मी थोडा वेळ फलाटावर घुटमळले, मग तिकीट काढले आणि खिडकीशी बसले. खंबाटकीचा घाट चढत असताना तहान लागली. पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडले आणि अर्धी बाटली पाणी प्यायले.